उम्म अल कुवैनचा शिमगा

माझी तक्रार गंभीर आहे आणि शास्त्र माझ्या बाजूने आहे. होळीची लाकडं चोरायची असतात. इथे दुबईत ती पेट्रोल पंपावर मिळतात. जाळीच्या पिशवीत, वीस दिरहॅम, म्हणजे पावणेतीनशे रुपये, आणि वर छापील पावती. पावतीच्या लाकडांनी कुठली होलिका जळणार?

"नोकरी गेलीच आहे. आता चोरी करून व्हिसापण घालव," माझी बायको सुषमा म्हणाली.

व्हिसा तसाही जाणारच होता. २००९च्या मंदीत बांधकाम कंपनीने पत्र हातात दिलं होतं, आणि व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात देश सोडायचा. पुण्याची तिकिटं काढून झाली होती. ओळखीतली निम्मी कुटुंबं दारं लावून खोकी भरत होती. आम्ही ठरवलं, जायचंच आहे तर होळी पेटवून जाऊ. पौर्णिमा आठवड्याच्या मधेच होऊन गेली होती, पण इथे पंचांगापेक्षा सुट्टीचा शुक्रवार मोठा.

दुबईतल्या आमच्या अल बर्शाहून दुपारी तीनला निघालो. शारजाची कोंडी टाळायची तर एमिरेट्स रोड धरा, तासाभरात उम्म अल कुवैन येतं. वाळूत शिरण्याआधी टायरची हवा कमी करा. जाळ अर्ध्या कापलेल्या पिंपात करा. फटाके नेऊ नका, परवान्याशिवाय बंदी आहे.

वाटेत आमची अकरा वर्षांची इरा मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "वी आर गोइंग टु द डेझर्ट टु डू बोंब." सुषमाने झडप घालून फोन काढून घेतला.

माझे वडील वाईला पाठशाळेत संस्कृत शिकवायचे. दिवाळीत घरात लवंगीची एकच माळ यायची. ती सोडवून आम्ही भावंडं एकेक फटाका उडवायचो. फुसके निघालेले डब्यात जपून ठेवायचो आणि शिमग्याला होळीत टाकायचो. दिवाळीने नापास केलेले फटाके तिथे हटकून फुटायचे.

वाळूच्या टेकाडामागे गावणकर वाट बघत होता. आमच्या बंद पडलेल्या साइटवरचा सुतार, कुडाळकडचा. सोबत लेबर कॅम्पातले सहाजण आणि शटरिंगच्या फळ्यांचा ढीग.

"सायबानू, ह्यो बिनपावतीचो माल."

"चोरलास?"

"भंगारात टाकलेलो. पण तुमका बरा वाटत असात तर चोरलंय म्हणा."

सूर्य टेकला तशी होळी पेटली. नैवेद्याची पोळी आत गेली. गावणकरने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरांनी हंय टॉवर बांधले. आता टॉवर थांबले."

"व्हय म्हाराजा," बाकीचे एका सुरात.

"जेणी आमका खलास म्हटल्यान, तेका दाखव, आमी खलास नाय."

"व्हय म्हाराजा." या वेळी मीही ओरडलो. शब्दरूपावलीने घडवलेला माझा घसा इतका मोठा आवाज काढू शकतो, हे मला नवीन होतं.

मग बोंबा सुरू झाल्या. मंदीच्या नावाने, बँकांच्या नावाने, फोरमनच्या नावाने तर दोनदा. इराने विचारलं, "हूज नेम डू आय से?"

"जेचो राग येता तेचा," गावणकर म्हणाला.

तिने क्षणभर विचार केला, तोंडावर उलटा हात मारला आणि बोंब ठोकली, "पुण्याच्या नावानं."

कोकणी मंडळी हसून लोळली. "पोरीन पुणेकारांका बरोबर वळाखल्यान," गावणकर म्हणाला. सुषमा आणि मी तेवढे हसलो नाही.

निखाऱ्यांवर वाळू टाकून नऊच्या आत घरी आलो. कपड्यांचा धुराचा वास दोनदा धुऊनही गेलेला नाही. नोकरीचं मी बघून घेईन. नाहीच मिळाली तर संस्कृतच्या शिकवण्या घेईन, वडिलांनी तेवढी सोय करून ठेवली आहे. काळजी इराची आहे. सगळ्यांना मी सांगत सुटलोय की आम्ही घरी परत चाललोय. ती इथे जन्मली. आम्ही तिला तिच्या घरातून उचलून नेतोय, आणि तिला एकदाही विचारलेलं नाही.