चेहऱ्याचं रिवर्क

पेंट शॉपमध्ये काम करणाऱ्याच्या अंगावर काही ना काही बसतंच. कितीही घासलं तरी नखांच्या कडेला रंग राहतो, तसे किस्सेही राहतात. माझ्याकडे जे राहिलेत त्यातले निम्मे माझ्याच तोंडाचे आहेत. तोंडाचे म्हणजे बोलण्याचे नव्हे, चेहऱ्याचे.

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात लोखंडी कपाटं बनायची. मी इन्स्पेक्शनला. रंगवलेला दरवाजा मोठ्या दिव्याखाली तिरका धरायचा आणि खोड शोधायची, हेच काम. माझ्याबरोबर साळवे, आणि स्प्रे गनवर रशीदभाई. आम्ही तिघं एकाच टेबलावर डबा खायचो. दिवसभर दुसऱ्याच्या कामातल्या खोडी काढणाऱ्या माणसांबरोबर आजारी पडू नये, एवढंच मी अनुभवाने सांगतो.

* * *

थिनरचा वास आणि सायकलवरचं ऊन, दोन्ही मिळून माझ्या गालांना खाज सुटली. उस्मानपुऱ्यातल्या एका औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता "खाज का?" एवढंच विचारलं आणि एक छोटी ट्यूब पुढं सरकवली.

दोन-तीन दिवसांत खाज गेली. खाज गेल्यावर ट्यूब सोडायची असते हे मला कुणी सांगितलं नाही. आणि खरं सांगायचं तर सोडावीशीही वाटेना. कारण गाल नुसते बरे झाले नव्हते, उजळले होते. पिशोरला आमच्या गावी मला लहानपणापासून सगळे काळू म्हणायचे. त्या दिवाळीला चुलतीने हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला आणि म्हणाली, "लेकरू सावलीत काम करतंय, चांगलं हाय." मी आरशात बघून रोज चार वेळा खूश व्हायचो.

डिपार्टमेंटमध्ये रशीदभाईने एकदा माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"नवले, तेरे पे गन कौन मारा रे? कोट लई पतला बैठा है."

आम्ही हसलो. माझी कातडी तेव्हा खरोखरच पातळ होत चालली होती हे मला पुढं दोन वर्षांनी डॉक्टरने सांगितलं. रशीदभाईला ते नुसत्या डोळ्यांनी दिसलं होतं, पण त्याला वाटलं आपण थट्टाच करतोय.

* * *

नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून शहर आज चालू, उद्या बंद. एकदा लागोपाठ काही दिवस सगळं कडकडीत बंद राहिलं आणि नेमकी माझी ट्यूब संपली.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी गाल तापले. मग चेहरा असा लाल झाला आणि सुजला की बायको मंगल म्हणाली, "तुम्हाला गांधीलमाशा चावल्या का?" बोट लावलं तरी आग. कपाळावर बारीक पुरळ, डोळ्यांखाली पाणी सुटलेलं. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त नवल वाटलं. चार दिवस एक साधं मलम लावलं नाही तर एवढं?

संचारबंदी शिथिल झाली तसा मी कंपनीच्या बसने निघालो. चौकात बस थांबवून पोलीस ओळखपत्रं बघत होते. हवालदाराने माझं कार्ड घेतलं. फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला.

"हा फोटो कुणाचा?"

"माझा."

"मग हे तोंड कुणाचं?"

मागच्या सीटवरून कुणीतरी सांगितलं, "साहेब, त्यांचंच हाय, जरा खराब झालंय," तेव्हा बस सुटली.

* * *

साळवे त्याच बंदच्या आधी नामांतराच्या सत्याग्रहात गेला होता आणि काही दिवस आत राहून आला होता. तो दाढी वाढवून कामावर आला आणि त्याच सकाळी मी हे असं तोंड घेऊन. त्याने मला दिव्याखाली उभं केलं आणि चेहरा नीट तपासला.

"कमाल हाय राव तुझी," तो म्हणाला. "आम्ही एवढ्या वर्षांपासून बोंबलतोय तरी एक पाटी बदलत नाय. अन् तुझं थोबाड रोज बदलतंय."

* * *

सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी ट्यूब मागितली. मी नवी घेतलेली खिशातून काढून दिली. त्यांनी वरची अक्षरं वाचली आणि चष्मा काढला.

"किती वर्षं लावताय?"

"तीनेक झाली."

"लावलं की बरं वाटतं?"

"लगेच."

"बंद केलं की?"

"आग होते."

"मग लावता?"

"मग लावतो."

"तर आग कोण लावतंय, नवले?"

औषध वाईट नाही, त्या म्हणाल्या, पण ते थोड्या दिवसांचं, ठरावीक जागेचं. यात स्टिरॉइड आहे. ते चेहऱ्यावर वर्षानुवर्षं फासलं की कातडी त्याच्याशिवाय जगायचं विसरते. आता ट्यूब बंद. काही महिने चेहरा पेटेल, सालपटं निघतील, पाणी येईल, आणि मग कातडी आपली आपण शिकेल. दोन गोळ्या, एक साधं पांढरं मलम आणि थंड पाण्याच्या घड्या दिल्या. उठताना म्हणाल्या, "मधे कधी लई अडचण आली म्हणून एकदा जरी लावलीत, तर सगळं पहिल्यापासून. माझ्याकडं रडत येऊ नका."

ट्यूब त्यांनी मला परत दिली. मी म्हणालो, "बाई, ही ठेवून घ्या ना." त्या म्हणाल्या, "ही ठेवून घेईन, पण दुकानं मी कुठं कुठं ठेवून घेऊ?"

* * *

पुढचे महिने माझा चेहरा हा डिपार्टमेंटचा विषय झाला. सकाळी आलो की आधी माझं इन्स्पेक्शन, मग कपाटांचं.

"कपाळावर बबल आले," साळवे म्हणायचा.

"बबल नहीं, ऑरेंज पील है," रशीदभाई म्हणायचा. रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसला की त्याला आमच्यात तसं म्हणतात. "बबल में हवा रहती, इसमें पानी है."

दोघं खरोखर वाद घालायचे आणि मी मधे मान वर करून उभा. पण मलाही ते ऐकायला आवडायचं, हे कबूल केलं पाहिजे. घरी आरसा बघवत नव्हता. इथं दोन माणसं माझ्या तोंडाकडं न घाबरता बघत होती.

आमच्याकडं मालाला चिठ्ठ्या असत. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळी म्हणजे रिवर्क. एके दिवशी साळवेने माझ्या शर्टाच्या बटणाला पिवळी चिठ्ठी अडकवली. मी विसरलो आणि तशीच घेऊन फिरलो. दुपारी मॅनेजर राउंडला आले. त्यांनी चिठ्ठी वाचली, माझा चेहरा बघितला, गंभीरपणे मान हलवली आणि साळवेला म्हणाले, "बरोबर आहे. याला घाईने डिस्पॅच करू नका."

* * *

घरी पुंडलिकनगरात मंगलची वेगळीच तक्रार. उशीवर, चादरीवर, फरशीवर माझी सालपटं. ती दिवसातून तीनदा झाडायची. एकदा सुपली माझ्यापुढं धरून म्हणाली, "बघा. निम्मा नवरा कचऱ्यात गेला. उरलेला तरी नीट निघू द्या."

आणि मग पदर डोळ्यांना लावून आत गेली. ते मला हसण्यावारी नेता आलं नाही.

मला तेव्हा एक विचित्र सवय लागली होती. मी सालपट उजेडात धरून बघायचो. कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ. त्याच्याखाली काय तयार होतंय, कसं होतंय, त्याला कोण सांगतंय, याचंच मला कुतूहल. आग व्हायची तेव्हाही डोक्यात हेच असायचं. त्यामुळे रडायला थोडा कमी वेळ मिळाला.

* * *

हा किस्सा छोटा आहे, पण मला तो सांगायला नेहमी वेळ लागतो.

कँटीनमध्ये चहाच्या कपांच्या ट्रेमधून एक कप बाजूला काढून ठेवलेला दिसू लागला. कान तुटलेला. मी आलो की चहा त्यातच. माझा रोग लागेल अशी लोकांना भीती. मी मुकाट्याने प्यायचो. चारचौघांत काय म्हणणार?

साळवेने दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी तो माझ्या आधी गेला, तो तुटका कप उचलला, त्यात चहा ओतून घेतला आणि माझ्यासमोर बसून फुर्रकन प्यायला.

"अरे, तो माझा कप आहे," मी म्हणालो.

"माझ्या आज्याला पण असाच कप होता हॉटेलात," साळवे म्हणाला. "अन् त्याला तर साधी खाज पण नव्हती."

सगळं कँटीन ऐकत होतं. दुसऱ्या दिवसापासून कप दिसला नाही. मी पिशोरचा शेतकऱ्याचा मुलगा, आमच्याही गावात हॉटेल होतं, आणि तिथले कप मी आयुष्यात पहिल्यांदा आठवून बघितले.

* * *

सात-आठ महिन्यांनी एका दुपारी रंग भाजायच्या ओव्हनशेजारी उभा होतो. नाकावर काहीतरी ओलं वाटलं. पाणी सुटलं म्हणून पुसलं, परत आलं. चाटून बघितलं तर खारट. घाम! इतके महिने चेहऱ्याला घामच नव्हता.

मी धावत रशीदभाईकडं गेलो. त्याने गन बंद केली, माझ्या नाकावरचा थेंब निरखून बघितला आणि हाताखालच्या पोरांना ओरडून सांगितलं, "नवले को पसीना आया! चाय बोलो!"

आमच्या कारखान्यात घाम आल्याबद्दल चहा पिणारा मी एकटाच.

* * *

आणि ऐन अशा वेळी माझ्या धाकट्या बहिणीचं, विमलचं स्थळ आलं. कन्नडकडचे लोक, शेती बरी, मुलगा शहरात वाळूजला नव्या कंपनीत लागलेला. दिसायला गोरापान, गुळगुळीत. आमची चुलती तर फोटोवरच फिदा.

अडचण माझी होती. चेहरा पुष्कळ निवळला होता, तरी लाल चट्टे होते, हनुवटी सोलत होती. पाहुणे बघायला येणार, वडील नसल्यामुळे पुढं बसणार मी. "घरात काहीतरी रोग दिसतोय," एवढी कुजबुज स्थळ मोडायला पुरते. मोठ्या भावाच्या तोंडामुळे बहिणीचं लग्न मोडलं, हे मला जन्मभर ऐकावं लागलं असतं. विमलने काही म्हटलं नसतं, म्हणूनच जास्त.

आणि उपाय तर कपाटातच होता. ती ट्यूब. चार दिवस लावली असती तर तोंड आरशासारखं झालं असतं.

मी डबा खाताना दोघांना विचारलं. साळवेने हात वर केले. बहिणीचा विषय, तो काय सांगणार. रशीदभाईने भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"देख नवले. गंजेले पत्रे पे ऊपर से कोट मार दिया, तो यहाँ पास हो जाता. पर फूटता कहाँ? पार्टी के घर जाके फूटता. लगन के बाद."

मी आहे त्या तोंडाने बसलो.

पाहुणे आले. पोहे झाले, प्रश्न झाले. मुलाच्या मामांनी शेवटी विचारलंच, "पाव्हणं, तुमच्या तोंडाला हे काय झालंय?" मी काही लपवलं नाही. ट्यूब सांगितली, तीन वर्षं सांगितली, डॉक्टरबाई सांगितल्या, दुसऱ्याला लागत नाही हे सांगितलं. मुलाची आई खाली बघत होती. मुलगा मात्र एकटक माझ्याकडं बघत होता, विमलकडं त्याने धड बघितलंच नाही. मी मनात म्हटलं, संपलं.

आठवडाभर निरोप नाही. घरात कुणी माझ्याशी नीट बोलेना. चुलती एवढंच म्हणाली, "जरा चार दिवस लावलं असतं तर काय मेला असतास?" मग निरोप आला, होकार. मामा नको म्हणत होते म्हणे, पण मुलगाच अडून बसला. का, ते कुणालाच कळलं नाही.

लग्न पिशोरला झालं. साळवे आणि रशीदभाई पुढच्या रांगेत. अक्षता पडल्या आणि कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा आणि बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं. मी पुढं झालो, नवरदेवाचा कान धरला. इतक्या जवळून मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो, वर मांडवाचा मोठा दिवा, आणि माझे डोळे पडले इन्स्पेक्शनचे. गालावर काचेसारखी चमक. चमकेखाली बारीक लाल शिरांचं जाळं. नाकाच्या कडेला रंग जरासा उडालेला.

माझा हात कानावर तसाच राहिला. लोक हसत होते, "पिळा, पिळा" म्हणत होते.

नवरदेव मुंडावळ्यांच्या आडून, ओठ न हलवता म्हणाला, "दादा, सोडल्यावर पहिले किती दिवस लई जळतं?"