बाहीच्या टिपणाखालचं नाव

टेलरमावशींनी चाळीस वर्षं मशीन चालवलं, त्यावर तीन मुलांची शिक्षणं केली. हातात मोबाइल आला तेव्हा शिवणाऱ्या दोनशे बायकांचा ग्रुपही काढला. अधूनमधून सकाळी त्यावर शिवणकामाचं एक टिपण पडे. कुठंतरी वाचलेलं, पटलेलं. खालचं लिहिणाऱ्याचं नाव मावशी पाठवण्याआधी काढून टाकत. शिवलेल्या कपड्याचे लोंबते दोरे कापावेत, तितक्या सहज. मनात पाप नव्हतं. पण बायका टिपण मावशींचंच समजत, आणि मावशी गप्प बसत.

एका दुपारी दुकानात एक बाई आली. हातात कापड नव्हतं.

"मावशी, बाही बसवायचं टिपण माझ्या लेकीचं आहे हो. शिवणशाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी तिनं ते दाखवलं, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, 'हे टेलरमावशींचं. चोरलंस?' पुढचं ऐकूनच घेतलं नाही. उद्या ती जागा दुसरीला देतायत."

मावशींची कात्री हवेतच थांबली. "अगंबाई! चोर सोडून संन्याशाला फाशी! चल, तुझ्या लेकीलाही बोलाव."

तिघी शाळेत पोचल्या. मुख्याध्यापिका हसून उठल्या, "या, या! तुमचं टिपण आम्ही भिंतीवर लावलंय."

"ते माझं नाही, हिचं आहे." मावशींनी मोबाइलवर मुलीचं मूळ पान उघडून दाखवलं. मावशींनी ग्रुपवर टाकलं त्याच्या तीन आठवडे आधीची तारीख, खाली मुलीचं नाव.

"मग तुम्ही नाव का काढलंत?"

"अक्कल गहाण टाकली होती. माझ्या नावावर विश्वास ठेवलात, आता कबुलीवरही ठेवा. नाहीतर बसवा पोरीला मशीनवर."

मुलगी बसली. एकही टाचणी न लावता तिनं बाही अशी जोडली, की मुख्याध्यापिका कापड उलटंसुलटं करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "सोमवारपासून ये. आणि माफ कर गं."

मावशींनी तिथंच ग्रुपवर लिहिलं, "बाहीचं टिपण माझं नव्हे. जिचं आहे तिचं नाव आणि पानाची लिंक खाली देते. ज्यांनी पुढं पाठवलंय त्यांनी तिथंही दुरुस्त करा."

एकीनं लगेच टोमणा मारला, "बाकीची तरी तुमची का, मावशी?"

"नाहीत. चौदाच्या चौदा उसनी!"

आठवडाभर खपून मावशींनी अकरा जणांची नावं शोधली. उरलेल्या तीन टिपणांखाली लिहिलं, "लिहिणारं सापडलं नाही, माहीत असेल तर सांगा."

पुढच्या सोमवारी मुलीनं स्वतः ग्रुपवर नवं टिपण टाकलं. संध्याकाळी एका गिऱ्हाइकानं तेच आपल्या मोबाइलवर मावशींपुढे धरलं, "हे वाचलंत का? कुठून कुठून फिरत आलंय." मावशींनी चष्मा चढवून आधी तळ पाहिला. नाव जागच्या जागी होतं. मग त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, नावापासून सुरुवात करून.