तीन पॉइंट सहाचा साडू

माझा साडू, म्हणजे मेहुणीचा नवरा, ड्रोन उडवतो. मीही उडवतो, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून. तरी सासुरवाडीत ड्रोनचा विषय निघाला की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात. सासरे तर परक्या माणसालाही सांगतात, "आमच्या धाकट्या जावयाचं ड्रोन आजवर कधी पडलं नाही." माझं पडलंय, हे वेगळं सांगायची गरजच उरत नाही.

दिसायला माणूस अगदी साधा. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात व्होल्टेज मोजायचा काडेपेटीएवढा मीटर. उडवण्याआधी प्रत्येक बॅटरीच्या पोटावरून अंगठा फिरवणार, जरा फुगलेली वाटली की बाजूला काढणार. काम नसेल तेव्हा बॅटऱ्या निम्म्या चार्ज करून पत्र्याच्या पेटीत. बायको मला म्हणते, "बघा जरा त्यांच्याकडे." बघतोच की. बघून बघून जळफळाट होतो.

त्याचा एक नियम आहे. बॅटरी पूर्ण भरली की तिचा एकेक सेल चार पॉइंट दोन व्होल्ट दाखवतो. हवेत असताना तोच आकडा तीन पॉइंट सहावर आला की हा माणूस ड्रोन खाली आणणार, मग समोर कोणी का उभं असेना. माझी बॅटरी त्याच्याएवढ्याच क्षमतेची, पण मी तीन पॉइंट चारपर्यंत ताणायचो. उतरल्यावर जरा वेळाने मीटर लावला की आकडा परत तीन पॉइंट सहाच्या वर चढलेला दिसायचा. एवढी शिल्लक असताना हा भित्रा आधीच का उतरतो, असं मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं. तो म्हणाला, "दादा, बसून आराम केला की ती बरी दिसणारच. ओझं असताना काय दाखवते, ते धरायचं." सासऱ्यांनी मान डोलावली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग एका शीतगृहाचं काम निघालं. छपरावरच्या सौर पॅनेलचे दर महिन्याला वरून फोटो काढायचे, बिघडलेली शोधायची. माझं समारंभांचं काम आटलं होतं. हे मिळालं नसतं तर ड्रोन गुंडाळून नोकरी शोधावी लागली असती. मालकीणबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं आणि चाचणीसाठी अर्धं अर्धं छप्पर वाटून दिलं.

साडू आधी उडाला. मध्येच खाली आला, बॅटरी बदलली, पुन्हा वर गेला. मालकीणबाईंनी घड्याळ पाहिलं. मला फार बरं वाटलं. आपण एकाच बॅटरीत उरकायचं, असं ठरवून मी उडालो.

शेवटच्या दोन रांगा राहिल्या तेव्हा रिमोट ओरडायला लागला. तीन पॉइंट चार. आपला रोजचाच आकडा, म्हणून मी आणखी जरा पुढे गेलो. परत फिरवलं तर समोरून वारा. मोटरांना जास्त जोर लागला आणि आकडा एकदम तीन पॉइंट एकवर आला. ड्रोन माझं ऐकेना. एका पॅनेलवर आपटलं, काच तडकली, आणि ते घरंगळत खाली पडलं. कॅमेरा एकीकडे, पाती दुसरीकडे.

साडू मला टाकून बोलला असता तर निदान भांडता आलं असतं. त्याने नवी बॅटरी घातली, माझ्या उरलेल्या दोन रांगांचेही फोटो काढले आणि मालकीणबाईंना म्हणाला, "काम मला देणार असाल तर दादा माझ्यासोबत असतील. फुटलेल्या पॅनेलचं मी भरून देतो."

तेव्हापासून दर महिन्याला आम्ही दोघं जातो. अर्ध्या छपराचे फोटो मी काढतो, त्याच्या दुसऱ्या ड्रोनने. आकड्यावर लक्ष त्याचं. "दादा, घ्या खाली," म्हणाला की मी घेतो. धाकट्याने थोरल्याला कसं सांभाळून घेतलं, हे आता सासुरवाडीत कौतुकाने सांगतात, आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने उठतो.

त्याचं ड्रोन एकदा तरी सगळ्यांसमोर पडावं, असं मला आजही मनापासून वाटतं. पण ते असतं माझ्याच हातात, आणि पडू नये म्हणून मी त्याच्या हाकेची वाट बघत उभा असतो.