दोरा नव्हता

मी देवाजीचा अपराधी आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागच्या हिवाळ्यात चांद्याच्या प्रदर्शनात मी परीक्षक होतो. लाऊडस्पीकर दुरुस्त करणाऱ्या या माणसाने लाकडी काडीत दोन गोल लोहचुंबक ओवले होते. वरचा खालच्याला न टेकता बोटभर उंच तरंगत होता. मी विज्ञानाचा शिक्षक, पण वरून-मधून साधा कागद सरकवून पाहिला नाही. भर मंडपात विचारले, "दोरा कुठे लपवलायस?" लोक हसले. देवाजीने सामान आवरले.

यंदा शाळेत तसलेच चुंबक आले. पेन्सिलीत ओवले, आणि वरचा तरंगला! समान टोके एकमेकांना ढकलतात, हे मीच वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो. रविवारी देवाजीला भेटायला गडचिरोलीकडची मोटार धरली.

मूल गावाच्या पुढे रस्त्याकडेचा साग धुळीने लाल झाला होता. वैनगंगेवर मोटार थांबली. पुढे डोंगा (लाकडी होडी). चढताना माझी एक चप्पल वाहून गेली. नावाड्याला देवाजीचे घर विचारले.

"कोन, दोरावाला का? चांद्याच्या गुरुजीनं पकडलं ना त्याले!"

तो गुरुजी मीच, हे सांगायला जीभ वळली नाही.

देवाजीने मला ओळखले, तरी बसायला पाट दिला. त्याची बायको सीताबाई ओसरीत कोशाचे (रानरेशमाचे) सूत उकलत होती. तिची उभी फिरकी बाजूंनी दोन कड्यांत सैल धरलेली, पण खालच्या चुंबकावर न टेकता तरंगत गरगरत होती.

"आधी खाली घासे, झटका बसला का धागा तुटे. आता नाई तुटत." तिने सुताचे टोक माझ्यापुढे धरले. "दोरा पायजे होता ना भाऊ तुमाले? हा घ्या."

मी फिरकीखाली कागद सरकवला. आरपार गेला. आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाने मोडक्या भोंग्यांतल्या चुंबकांतून हे घडवले! उद्या सूतगिरणीतल्या चात्या, विजेच्या मीटरची चकती, कोण जाणे, आगगाडीसुद्धा न घासता धावेल. मी बोलतच सुटलो.

"गाडीचं मंग पाहू," देवाजी म्हणाला. "मले कोनी रेडिओ दुरुस्तीले देऊन नाई राह्यलं. म्हणतेत, दोरावाला फसवते."

भात आणि सुक्या झिंग्यांची चटणी जेवून निघालो. देवाजी घाटापर्यंत आला. डोंगा बाजारकरूंनी भरला होता.

"काय दोरावाले," नावाडी ओरडला, "पाव्हन्याले कोनता खेळ दाखवला?"

मी उभा राहिलो, एका पायात चप्पल, एक अनवाणी.

"बसा ना भाऊ, डोंगा उलटते!"

बसलो नाही. काठावरच्या देवाजीकडे पाहून, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "चांद्याचा तो गुरुजी मी. दोरा नव्हता. मी न पाहताच बोललो. देवाजीभाऊ, मला माफ करा."