खिशातली पिन

जंगलात तंबू ठोकून राहायचं खूळ माझंच. त्यासाठी ऊर्जानगरहून निघून सिंदेवाहीच्या एका वेल्डरकडे आम्ही जीपला हूक लावून घेतला. तिथेच भाड्यानं घेतलेला छोटा ट्रेलर मागे जोडायचा होता; जीपमधलं सामान मी त्यात भरून ठेवलं. वेल्डर अबोल, पँटला हात पुसल्याशिवाय कशाला शिवायचा नाही. हूक झाला, पण ट्रेलरचा दांडा अडकवायची पिन त्याने खिशातच ठेवली.

“बाई, दांडा उचला.”

मी एका बोटानं उचलला आणि ऐटीत म्हणाले, “बघा भाऊ, किती हलका!”

“म्हणूनच पिन देत नाई. समदं वजन मागं हाय. उतारावर ट्रेलर शेपटीवानी हालन अन् जीपलेही ओढन. आत पोरी हायेत ना तुमच्या?”

मागे काय होतं? तीन दिवसांसाठी तांदळाचं पोतं आणि चटणीसाठी पाटा-वरवंटा! पुटपुटत मी सगळं पुढे ओढलं. आता दांडा दोन्ही हातांनी जेमतेम हलला. तेव्हा कुठे पिन खिशातून निघाली.

उतार लागला तेव्हा मुली झोपल्या होत्या. मी आरशातून मागे पाहिलं. ट्रेलर गरीब सुनेसारखा मुकाट येत होता. मला ते कधी जमलं नव्हतं. त्या माणसाचे आभार मानायचे राहिले, हे तिथे आठवलं.