हललेला फोटो
ओल्या पाचटाचा वास आला की मला मलकापूरजवळची थंडीतली ती रात्र आठवते. ऊस नुकताच तुटून गेला होता आणि मामाच्या उघड्या रानात, बांधावर मी दुर्बीण लावली होती. मृगातला तो लालसर तेजोमेघ टिपायला तिला जोडलेला कॅमेरा आपोआप एकामागून एक फोटो घेत होता; तोवर उजेड करायचा नाही, दुर्बिणीला धक्का लागू द्यायचा नाही. मामा चहा आणायला वस्तीवर गेला आणि मी शेजारीच घोंगडीवर डोळे मिटून पडलो. थोड्या वेळानं पाचट करकरलं. "आवं मामा, जपून, दुर्बिणीला पाय लागंल," मी डोळे न उघडताच म्हणालो. नुसता जड श्वास ऐकू आला आणि मग तोही थांबला. बऱ्याच वेळानं मामा किटली घेऊन आला. "मगाशी आलावता नव्हं?" मी विचारलं. "मी? आत्ताच येतोय की रं," म्हणत त्यानं बॅटरी खाली मारली आणि माझा दंड घट्ट धरला. "हळू ऊठ. पळू नगंस." पाटाच्या चिखलातून बिबट्याची पावलं थेट माझ्या उशापर्यंत आली होती. त्या रात्रीचे बाकी सगळे फोटो स्वच्छ आहेत; एकात मात्र प्रत्येक तारा जरासा सरकलाय, दुर्बिणीला कुणाचं तरी अंग घासल्यासारखा. तो फोटो मी अजून पुसलेला नाही. तो निघाला त्याच वेळी मी त्या बिबट्याला मामा म्हणत होतो.