श्रवणाच्या वरचा तारा

ढुंढिराज पाळंदे यांना काशीत आडनावाने कुणी ओळखत नसे. पंचगंगा घाटावरचे मल्लाह, म्हणजे नावाडी, त्यांना ‘तारेवाले गुरुजी’ म्हणत, आणि ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांतली मराठी मुलं नुसतंच ‘गुरुजी’. सकाळी ते घाटावर बांबूच्या छत्रीखाली पाट मांडून बसत आणि स्नानाला आलेल्या यात्रेकरूंना संकल्पासाठी तिथी, वार, नक्षत्र सांगत. हे झालं पोटाचं काम. जिवाचं काम दिवेलागणीनंतर सुरू होई. घाटाच्या वरच्या अंगाला, मशिदीचे उंच मिनार पाठीशी घेऊन ते पायरीवर बसत, आणि त्यांच्याभोवती जेवणाआधीचा वेळ मिळालेली पोरं गोळा होत.

शरदिनी त्यांतलीच एक. याज्ञिकी करणाऱ्या यज्ञेश्वरभटांची ही थोरली मुलगी. दहाएक वर्षांची असताना पहिल्यांदा गेली ती केवळ धाकट्या बकुळला सांभाळायला म्हणून. आईने सांगितलं होतं, ‘ती पाण्याकडे धावते, तिचा हात सोडू नकोस.’ पण त्या संध्याकाळी बकुळ पाण्याकडे धावली नाही आणि शरदिनीला हात धरल्याची आठवणही राहिली नाही. दोघी वर बघत बसल्या.

काशीचे घाट पूर्वेकडे तोंड करून आहेत. समोर गंगा, पलीकडे ओसाड वाळू, आणि वाळूवर टेकलेलं सबंध आकाश. उगवणारं प्रत्येक नक्षत्र जणू पलतीरावरून नावेत बसून आपल्याकडे येतंय असं वाटावं! गुरुजी उजव्या हाताला, दूर रामनगरच्या बाजूला बोट करत.

“ते दिवे दिसतात? काल होते तिथेच आज आहेत. आणि मधल्या पाण्यातले?”

“ते नावांचे. ते सरकतात,” पोरं ओरडत.

“झालं तर. तारे म्हणजे रामनगरचे दिवे. ग्रह म्हणजे नावेतले. आज मंगळ कुठल्या ताऱ्याजवळ आहे ते बघून ठेवा आणि पंधरा दिवसांनी मला सांगा, नाव कुठे गेली ती.”

पंधरा दिवसांनी मंगळ खरोखरच सरकलेला असे, आणि पोरांना वाटे की ही गोष्ट जगात आपणच पहिल्यांदा पकडली.

दुपारी घाटावर धोबी कपडे आपटत. गुरुजींनी एकदा सगळ्यांना लांबच्या बुरुजावर नेऊन उभं केलं. कपडा दगडावर आपटलेला आधी दिसे, आवाज मागून येई. “आवाजाला यायला वेळ लागतो ना? तसा उजेडालाही लागतो. फक्त तो फार चपळ आहे, म्हणून घाटाएवढ्या अंतरात कळत नाही. पण तारे इतके लांब आहेत की त्यांचा आजचा उजेड तुम्हाला म्हातारपणी दिसेल.” बकुळने त्यावर विचारलं होतं, “मग आज दिसतो तो कधीचा?” गुरुजी खूश होऊन म्हणाले होते, “तुझ्या आजोबांच्या मुंजीच्या वेळचा असेल. त्याच्याही आधीचा असेल.”

हे सारं त्यांना कुठून आलं? ज्योतिष घराण्यातच होतं, नक्षत्रं वडिलांनी लहानपणीच पाठ करून घेतली होती. पण खरी ठिणगी पडली ती अठराशे अठ्ठ्याण्णव सालच्या खग्रास सूर्यग्रहणात. ते बघायला तरुण ढुंढिराज आगगाडीने बक्सरला गेले. तिथे ग्रहणासाठी साहेबलोकांचे तंबू पडले होते. आदल्या संध्याकाळी एका तंबूबाहेर घुटमळताना एका गोऱ्या म्हाताऱ्याने त्यांना हाक मारली आणि छोट्या दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. समोर कृत्तिका होत्या. जन्मभर सहाच मोजलेल्या कृत्तिकांच्या जागी मूठभर हिरे सांडल्यासारखे तारेच तारे! दुसऱ्या दिवशीच्या ग्रहणाचं लोकांनी वर्षभर वर्णन केलं. ढुंढिराज मात्र घरी येऊन बायकोला म्हणाले, “आनंदी, आपल्याला काहीच दिसत नाही गं. आपण नुसतं पाठ केलंय.” मग मिळतील तिथून पुस्तकं आणून, इंग्रजी जाणणाऱ्या मित्रांकडून अर्थ लावून घेत त्यांनी नव्याने शिकायला सुरुवात केली. मूलबाळ नव्हतं. शिकलेलं कुणाला तरी द्यायचं म्हणून घाटावरची पोरं.

काही गोष्टी शरदिनीला पुढे फार वर्षांनी उमगल्या. संध्याकाळी बसल्या बसल्या गुरुजी आधी विचारत, “सांगा बघू, वाळूवर कोण आलंय?” पोरांना वाटे परीक्षा चालली आहे. चढाओढीने उत्तरं येत. मग गुरुजी त्या ताऱ्याचा रंग, त्याचे शेजारी, त्याच्या मागून कोण येणार, हे धडाधड सांगत, अगदी बिनचूक. काठी त्यांच्या हातात त्याच सुमारास आली होती. पायऱ्या उतरताना ते ती आधी टेकवून बघत. घाटाच्या पायऱ्या उभ्याच आहेत, म्हाताऱ्या माणसाने काठी घेतली यात नवल ते काय, असं सगळ्यांना वाटलं.

एकोणीसशे अठरा सालचा ज्येष्ठ लागला. गंगेचा दशहरा, दहा दिवसांचा उत्सव, सुरू झाला होता. घाटावर हळदीकुंकवाची, फुलांची, भिजल्या लुगड्यांची गर्दी. अमावास्या नुकतीच सरलेली, चंद्र नाही, आणि लूचा गरम वारा थांबून हवा जरा निवलेली. पोरं नेहमीच्या जागी जमली. स्वाती डोक्यावर आली होती, उजवीकडे वृश्चिकाने नांगी वर काढली होती. थोड्या वेळाने समोर वाळूच्या कडेवर श्रवण उगवला.

“श्रवण आला!” शरदिनी म्हणाली.

“आला ना? दोन बाजूंना दोन बारके सोबती घेऊन येतो. कावडीत आईबाप बसवलेला श्रावणबाळ,” गुरुजी सांगू लागले.

“आणि त्याच्या वर, उजवीकडे, तो मोठा कोण?” बकुळने विचारलं.

“तिथे मोठा कुणी नाही.”

“आहे, गुरुजी. श्रवणापेक्षा मोठा आहे.”

“बकुळ, तिथे आकाशगंगेचा पांढुरका पट्टा आहे. ठळक तारा एकही नाही. ग्रह तिथे यायचा नाही, त्यांची वाट वेगळी. कुणाचा तरी उडवलेला कंदील बघितला असशील.”

“पण तो हलत नाहीये!”

“एकदा सांगितलं ना, नाही!” गुरुजींचा आवाज चढला. तो चढलेला पोरांनी कधी ऐकला नव्हता. बकुळ शरदिनीच्या मांडीत तोंड खुपसून रडू लागली.

शरदिनीने वर पाहिलं. तारा होता. पांढराशुभ्र, टपोरा, सगळ्या पूर्वेत उठून दिसणारा. बाकीची पोरंही बघत होती, पण बोलायची कुणाची छाती होईना. शेवटी तीच म्हणाली, “गुरुजी, आहे हो. तुम्ही बघा ना एकदा.”

गुरुजींनी मान वर केली. ते ज्या दिशेला बघत होते तिकडे तारा नव्हताच, डाव्या अंगाचं रिकामं आकाश होतं. त्यांचे डोळे तिथे काहीतरी चाचपडत होते, काठीने पायरी चाचपावी तसे. शरदिनीला एकदम कळलं, आणि कळलं ते कुणाला सांगू नये असंही वाटलं.

खाली नाव बांधत असलेला दिनानाथ मल्लाह हे सारं ऐकत होता. तो सहज बोलून गेला, “गुरुजी, तारा त हौ. हमहूँ देखत हई.”

गर्दीतून गंगेच्या आरतीचा गलबला तेवढा येत होता. मग गुरुजींनी काठी बाजूला ठेवली, चाचपत बकुळच्या डोक्यावर हात ठेवला.

“पोरांनो, मला दिसत नाही,” ते म्हणाले. “दोन वर्षं होत आली. आधी बारके तारे गेले, मग मोठे. आता समोर नुसतं धुकं. मी तुम्हाला पाठ असलेलं आकाश शिकवत होतो. माझ्या पाठांतरात हा तारा नाही.”

“मग तो चुकीचा आहे?” एका पोराने विचारलं.

“नाही रे बाळा, तारा कसा चुकेल? मी चुकलो.” आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. ते पुढे सरकून बसले. “बकुळ, रडू नको. नीट सांग. रंग कसा आहे? किती मोठा? आधी होता का कधी?”

बकुळने डोळे पुसले आणि सांगितलं. बाकीचेही सांगू लागले, एकमेकांना ढकलत, चुका काढत. गुरुजी ऐकत होते आणि लहान मुलासारखे हसत होते. असा तारा ऐकून ठाऊक होता त्यांना. अंधुक, कुणाच्या लक्षात न येणारा एखादा तारा अचानक भडकतो आणि काही दिवस सगळ्यांना झाकोळून टाकतो. “हे भडकणं आजचं नाही,” ते म्हणाले. “फार पूर्वी झालंय. बातमी आपल्याला आत्ता पोचली. आणि काशीत ती पहिल्यांदा कुणी वाचली असेल तर या चिमुरडीने!” काशीतलं त्यांना काय ठाऊक असणार, पण बकुळ पुढे कित्येक दिवस ताठ मानेने गल्लीतून हिंडली.

त्यानंतरच्या संध्याकाळी पोरं त्यांना ताऱ्याची खबर देत. काल श्रवणापेक्षा मोठा होता, आज बरोबरीचा, आज लहान. मग आषाढी ढग आले आणि ताऱ्यावर पडदा पडला. पोरं येतच राहिली. आपल्याला दिसत नाही हे कळल्यावर ती येणार नाहीत, या भीतीने गुरुजी इतके दिवस गप्प होते. झालं उलटंच. आपण सांगितल्याशिवाय गुरुजींचं चालत नाही म्हणताच पोरांना आकाशाची जास्तच जबाबदारी वाटू लागली.

घरात हे आनंदीकाकूंना पहिल्यापासून ठाऊक होतं. रोज पहाटे त्या त्यांना पंचांग वाचून दाखवत आणि ते ऐकलेलं घाटावर सांगत. त्यासाठीच चाळिशी उलटल्यावर त्या अक्षरं शिकल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन करा म्हणून त्यांनी किती विनवलं, पण सुईच्या नावाने गुरुजींना कापरं भरे. “तू वाचतेस ना? मग मला कशाला डोळे?” म्हणत.

त्याच वर्षी कार्तिकाच्या तोंडाशी इन्फ्लुएंझाची साथ आली. मणिकर्णिकेवर सरणाला लाकडं मिळेनाशी झाली. आनंदीकाकू तीन दिवसांच्या तापाने गेल्या.

महिनाभर गुरुजी घाटावर आले नाहीत. मग एका पहाटे शरदिनी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. बाबांना विचारूनच आली होती. “गुरुजी, पंचांग कुठंय? मी वाचते.” तिने वाचलं, पण अडखळत. तिथी झाली, वार झाला, नक्षत्राशी येताच ते म्हणाले, “पोरी, तिच्यासारखं नाही गं जमत कुणाला.” आणि मनसोक्त रडले. थंडी सरायच्या आत यज्ञेश्वरभटांनी त्यांना इस्पितळात नेलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून, पट्टी बांधून, हलायचं नाही या अटीवर ते कित्येक दिवस पडून राहिले. परतले ते बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून. पण दिसू लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात श्रवण उगवला तेव्हा त्यांनी शरदिनीला ती जागा दाखवायला लावली. तिथे आकाशगंगेच्या पांढुरक्या पट्ट्याशिवाय काही नव्हतं. ते खूप वेळ बघत राहिले. “बरं झालं, तुम्ही बघून ठेवलात,” एवढंच म्हणाले.

दिवस कसे गेले कळलं नाही. शरदिनीचं लग्न काशीतच झालं, नवरा शाळामास्तर, शिकवायची हौस असलेला. त्याने तिला शिकवलं आणि पुढे ती स्वतः मुलींच्या शाळेत शिकवू लागली. बकुळ लग्न होऊन इंदूरला गेली. गुरुजी थकले, पायऱ्या उतरेनात, म्हणून ब्रह्माघाटावरच्या आपल्या खोलीच्या छतावर बसू लागले. कार्तिकात घाटावर उंच बांबूंना आकाशदीप टांगले जात ते त्यांना छतावरून दिसत.

अशाच एका कार्तिकात शरदिनी धावतपळत त्यांच्याकडे आली. नवऱ्याने आणलेल्या मासिकात तिने एक गोष्ट वाचली होती.

“गुरुजी, देवयानीतला तो पुसट ढग आठवतो? तुम्ही म्हणायचात, हा कुणाचा कोण ते मला सांगता येत नाही.”

“आठवतो तर.”

“तो ढग नाहीच. ती दुसरी आकाशगंगा आहे. आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर. तिच्यातही असेच असंख्य तारे. आणि अशा आकाशगंगा पुष्कळ आहेत म्हणे.”

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. “मी तुम्हाला सांगायचो ना, दशहऱ्याच्या गर्दीत उभं राहिलं की नुसत्या पाठी दिसतात, गर्दी किती ते दिसत नाही? म्हणून आपल्याला आकाशगंगा पट्ट्यासारखी दिसते. आपण तिच्या गर्दीतच उभे आहोत.” ते हसले. “म्हणजे दुसऱ्या घाटावरही दशहरा आहे तर!”

त्या संध्याकाळी दोघं देवयानी शोधत बसली. त्यांच्या चष्म्याला तो ढग काही सापडला नाही. तिला सापडला. तिने तो कुठे आहे, केवढा आहे, कसा पुसट आहे, सगळं सांगितलं आणि त्यांनी प्रश्न विचारून विचारून तिला भंडावलं.

माघात गुरुजी गेले, झोपेतच. आणि चैत्राच्या आसपास वर्तमानपत्रात बातमी आली की नेपच्यूनच्याही पलीकडे एक नवा ग्रह सापडला आहे. शरदिनीने ती वाचली, पदर सावरून उठली आणि दाराशी आल्यावर तिच्या ध्यानात आलं की आता ब्रह्माघाटाच्या त्या छतावर सांगायला कुणी नाही. ती काही वेळ उंबऱ्यातच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात बातमी सांगितली. मुलींमध्ये एकच गोंधळ उडाला. पाठ केलेला ग्रहांचा क्रम आता बदलायचा की काय, परीक्षेत काय लिहायचं, त्याला मराठीत काय म्हणायचं? पहिल्या बाकावरची लीला उभी राहून म्हणाली, “बाई, तो आपल्याला दिसेल का हो?”

“नुसत्या डोळ्यांनी नाही दिसणार.”

“मग तो आहे हे आपण मानायचं कसं?”

शरदिनीने हातातला खडू टेबलावर ठेवला, खुर्ची ओढून मुलींच्या जवळ आणली, आणि म्हणाली, “बैस. सांगते.”